बाबांच्या बायोप्सीत 'सीसीआर४ पॉझिटिव्ह' आलंय. म्हणजे त्वचेचा टी-सेल लिम्फोमा पसरला का?

नाही, तेवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. प्रश्न वाचला आणि अण्णांची फाईल डोळ्यांसमोर आली, म्हणून लिहितोय.

देवगडला आमची कलमं आहेत. अण्णांच्या कमरेवर, मांड्यांवर लालसर खवल्यांचे चट्टे उठले तेव्हा घरादाराने कारण लावलं, आंब्याचा चीक. चीक भाजतो खरा, पण तो उडतो हातांवर, तोंडावर. अण्णा कलमांत उघड्या अंगाने वावरायचे. छाती-पाठ स्वच्छ आणि चट्टे नेमके पंचाखाली! मायकोसिस फंगॉइडिस, म्हणजे टी-पेशींचा (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा) त्वचेतला कॅन्सर, त्वचेच्या टी-सेल लिम्फोमाचा नेहमीचा प्रकार, बहुधा ऊन न लागणाऱ्या जागी सुरू होतो, हे मला फार उशिरा कळलं. मग नायटा ठरला. मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेली मलमं आणून तीन वर्षं चोळली. चट्टे फिकटायचे, पुन्हा यायचे. बायोप्सी केली तीही मलम चालू असताना, आणि रिपोर्ट आला एक्झिमाचा. मी म्हटलं, मलम काही आठवडे बंद ठेवू आणि दुसऱ्या चट्ट्याचा तुकडा देऊ. थोरला भाऊ म्हणाला, "एकदा तुकडो काढलो मां? आता परत कापूचा नाय." दोन हंगाम असेच गेले. दुसऱ्या बायोप्सीत निदान झालं तोवर जांघेत गाठी आल्या होत्या.

आता सीसीआर४. त्वचेतून सीसीएल१७ आणि सीसीएल२२ ही रसायनं सुटतात. ती ओळखून टी-पेशीला त्वचेकडे ओढणारा, पेशीच्या पृष्ठभागावरचा रिसेप्टर म्हणजे सीसीआर४. तो त्वचेत जाणाऱ्या निरोगी टी-पेशींवरही असतो, म्हणून त्यावरून ना कॅन्सर ठरतो, ना टप्पा. सीसीआर७ वेगळा, तो लसिकाग्रंथींकडे नेतो. सेझारी सिंड्रोममध्ये, म्हणजे याच आजाराच्या रक्तात उतरलेल्या प्रकारात, रक्तात फिरणाऱ्या कॅन्सरपेशींवर तो बहुधा सापडतो. टप्पा ठरवताना डॉक्टर चट्टे किती अंगावर आहेत, गाठी आहेत का, रक्तात किती पेशी आहेत, हे बघतात.

सीसीआर४ कामाचा आहे तो औषधासाठी. त्यालाच चिकटणारं मोगॅम्युलिझुमॅब अमेरिकेत २०१८ साली मंजूर झालं, तेही आधीचा एखादा पोटातून किंवा शिरेतून दिलेला उपचार लागू पडला नाही अशांसाठी. ३७२ रुग्णांच्या चाचणीत आजार न वाढता गेलेला मध्यक काळ ७.७ महिने होता, व्होरिनोस्टॅट या आधीच्या औषधावर ३.१.

भाऊ अजून म्हणतो, आधी कळलं असतं तरी काय फरक पडला असता? पडला असता. चट्टे अंगाच्या दहा टक्क्यांहून कमी जागेवर असतात तेव्हा बहुतेकांचं आयुष्य या आजाराने घटत नाही, आणि नॅरोबँड यूव्हीबीने, म्हणजे अतिनील किरणांच्या उपचाराने, चट्टे पुष्कळदा जातात. त्यामुळे कुणी 'एकदा केली ना बायोप्सी' म्हणालं तर ऐकू नका. तुमच्या बाबांना मलम चालू असताना तुकडा घेतला होता का, ते आधी विचारा. जुना ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला बायोप्सीचा तुकडा) मागून घ्या आणि त्वचेचे लिम्फोमा नेहमी बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा.

मी डॉक्टर नाही, बागायतदार आहे. आणि एक राहिलं: मोगॅम्युलिझुमॅबनेही पुरळ येतं आणि ते आजारच वाढल्यासारखं दिसतं, तेव्हाही बायोप्सी लागते. दात्याच्या मूळपेशींचं प्रत्यारोपण पुढे करायचा विचार असेल तर हे औषध सुरू करण्याआधीच डॉक्टरांशी बोला.