मॅग्नम रायफलच्या पुंगळ्या (काडतुसाच्या पितळी नळ्या) तीन-चार वेळा भरल्या की बुडाजवळ तडकतात. दारू जास्त पडतेय का?

दारूवर संशय घेण्याआधी तुमच्या डायकडे, म्हणजे उडालेली पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणाऱ्या साच्याकडे, बघा. तुम्ही लिहिलंय की .३०० विंचेस्टर मॅग्नमची काडतुसं स्वतः भरता, दारू पुस्तकातल्या कमाल मापाच्या बरीच खाली ठेवता, तरी तिसऱ्या-चौथ्या भरणीला पट्ट्याच्या, म्हणजे पुंगळीच्या बुडाशी असलेल्या जाड कड्याच्या, किंचित वर गोल चीर पडते. दाब जास्त असता तर प्रायमरची (दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीची) खोबण सैल पडली असती, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दट्ट्या) उघडताना हाताला जड लागला असता, पुंगळीच्या बुडावर चकचकीत ठसा उमटला असता. यातलं काहीच तुम्ही सांगत नाही. म्हणजे पुंगळी दाबाने फुटत नाहीये, दर खेपेला थोडीथोडी ताणली जाऊन तुटतेय. आणि याचं मूळ बहुतेक वेळा त्या पट्ट्यातच असतं.

हा पट्टा आला हॉलंड अँड हॉलंडच्या .३७५ मॅग्नमबरोबर १९१२च्या सुमारास लोकप्रिय होऊन. त्या काडतुसाची पुंगळी लांब, निमुळती, आणि खांदा (पुंगळी मानेकडे अरुंद होते तो उतार) इतका उतरता की त्यावर काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, नेमक्या जागी अडेल याचा भरवसा नव्हता. म्हणून बुडाशी एक कडं ठेवलं, काडतूस त्यावर अडायचं. पट्ट्यामुळे पुंगळी मजबूत होते हा समज अजून ऐकायला मिळतो, पण पट्ट्याचं काम एवढंच, काडतूस अडवायचं. पुढे १९६३ साली .३०० विंचेस्टर मॅग्नम आलं तेव्हा त्याला चांगला २५ अंशांचा खांदा होता, पट्ट्याची काही गरज नव्हती. पण तोवर गिऱ्हाइकाच्या डोक्यात मॅग्नम म्हणजे पट्टा हे पक्कं बसलं होतं, तो तसाच राहिला.

काडतूस पट्ट्यावर अडतंय म्हटल्यावर खांद्यापुढच्या मोकळ्या जागेकडे कारखाने फार काटेकोरपणे बघत नाहीत. नवी पुंगळी पहिल्यांदा उडाली की खांदा पुढे सरकून चेंबरला टेकतो, पुढची भिंत चेंबरला घट्ट चिकटते आणि बूड मागे बोल्टवर रेलतं. मधलं पितळ ताणलं जातं, ते नेमकं पट्ट्याच्या वर. इथवर ठीक आहे, एकदा ताणल्याने काही बिघडत नाही. पण डायच्या डबीवरची सूचना पाळून तुम्ही डाय शेलहोल्डरला (प्रेसमध्ये पुंगळीचं बूड धरणाऱ्या तुकड्याला) टेकेपर्यंत खाली घेता आणि खांदा पुन्हा मूळ जागी ढकलता. पुढच्या बाराला तो परत पुढे येतो, तीच जागा परत ताणते. तीन-चार फेऱ्यांत पितळ कागदासारखं पातळ होतं.

उपाय साधा आहे: पट्टा विसरा आणि काडतूस खांद्यावर अडवा. तुमच्याच रायफलमधून उडालेली पुंगळी घ्या, प्रायमर काढा आणि खांद्यापर्यंतची लांबी कॅलिपरला कम्पॅरेटर (खांद्यावर टेकणारा मापाचा जोड) लावून मोजा. डाय थोडा वर ठेवून सुरुवात करा आणि अगदी थोडा-थोडा फिरवत खाली आणा. खांदा दोन हजारांश इंच, म्हणजे ०.०५ मिलिमीटर, मागे गेला की थांबा आणि डाय जागेवर धरणारी रिंग आवळा. कम्पॅरेटर नसेल तर बोल्टमधली फायरिंग पिन काढून रिकामी पुंगळी चेंबरमध्ये घालून बघा; हँडल शेवटी किंचितही न अडता खाली यायला हवं. नुसती मान, म्हणजे गोळी धरणारं पुंगळीचं तोंड, साइझ करणारे डाय शिकारीच्या काडतुसांना मी वापरत नाही. दोन-तीन भरण्यांनंतर बोल्ट अडायला लागतो, आणि जनावर समोर असताना ते परवडत नाही.

उरलेल्या पुंगळ्या तपासायला कागदाची क्लिप पुरेशी आहे. ती सरळ करा, टोकाला बारीक आकडा वळवा, टोक घासून अणकुचीदार करा. पुंगळीच्या आत बुडापर्यंत नेऊन भिंतीला टेकवत हळू वर ओढा. चांगल्या पुंगळीत आकडा सुळकन वर येतो. ताणलेल्या पुंगळीत पट्ट्याच्या थोडं वर तो एका घळीत अडकतो, बोटाला स्पष्ट कळतं. बाहेरून त्याच जागी कधीकधी उजळ रेघ दिसते, पण रेघेची वाट बघू नका. आकडा अडकला की ती पुंगळी बाद.

आता दारूविषयी, कारण तुम्ही माप आणखी कमी करायचा विचार करताय. तो सोडा. या आकाराच्या पुंगळीत ७० ग्रेनच्या आसपास, म्हणजे साडेचार ग्रॅम, संथ जळणारी दारू बसते. संथ दारूचं माप पुस्तकातल्या किमान आकड्याखाली नेलं की दाब कमीच होईल असं नाही. अर्धी रिकामी पुंगळी कधीकधी उलट धोकादायक दाब देते. किमान आकड्यापासून वर जा आणि गोळी, प्रायमर किंवा पुंगळीची कंपनी यातलं काहीही बदललं की पुन्हा खालून सुरू करा. प्रायमर बघून दाब ओळखायच्या गोष्टी लोक फार सांगतात. मॅग्नममध्ये ही लक्षणं दिसतात तेव्हा हद्द कधीच ओलांडलेली असते. त्यापेक्षा गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ लावा. पुस्तकापेक्षा जास्त वेग येतोय म्हणजे दाबही जास्त आहे, फुकटात काही मिळत नाही.

.३००ची आणखी एक खोड सांगून ठेवतो. हिची मान जेमतेम ०.२६४ इंच, गोळीच्या ०.३०८ इंच जाडीपेक्षाही आखूड. एवढी मान लांब गोळीला धरून-धरून किती धरणार? धक्क्याने मॅगझिनमधल्या काडतुसांच्या गोळ्या आत सरकतात. मॅगझिन भरून तीन बार काढा, मग तळाच्या काडतुसाची लांबी पुन्हा मोजा. कमी झाली असेल तर आधी मानेची पकड वाढवून बघा. गोळीवर खाच असेल तरच क्रिंप करा, म्हणजे पुंगळीची कड गोळीवर आत दाबा, नाहीतर गोळी चेमटते.

सध्याच्या खेपेतल्या ज्या पुंगळ्यांत आकडा अडकेल त्यांची तोंडं पकडीने चपटी करूनच भंगारात टाका, म्हणजे चुकून कोणी परत भरणार नाही.