शौलाच्या चित्रातली गर्दी

प्रिय,

तुझं कच्चं रेखाटन मिळालं. ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा शौल (हाच पुढे प्रेषित पौल झाला) दमास्कसच्या वाटेवर ख्रिस्ताची हाक येऊन घोड्यावरून पडतो, तो प्रसंग तू घेतलास. आकाश फाटलंय, ढगांतून ख्रिस्त उतरतोय, सात-आठ शिपाई हात वर करून ओरडतायत. मेहनत दिसते. पण नजर कुठे ठरत नाही, आणि ज्याच्यावर हे सगळं गुदरलं तो शौलच गर्दीत हरवलाय.

इटालियन चित्रकार काराव्हाज्जोनं हा विषय दोनदा रंगवला. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघ. पोपचा खजिनदार तिबेरियो चेरासी यानं १६०० साली रोमच्या सांता मारिया देल पोपोलो चर्चमधल्या आपल्या चॅपेलसाठी, म्हणजे आतल्या छोट्या प्रार्थनास्थळासाठी, त्याला दोन चित्रं सांगितली: एक पौलाचं, एक ख्रिस्ताचा शिष्य पेत्र याचं. पौलाचं पहिलं चित्र सायप्रेस झाडाच्या लाकडावर आहे. त्यात वरून ख्रिस्त झेपावतो, देवदूत त्याला सावरतो, घोडा फेसाळलाय, म्हातारा सैनिक भाला सरसावतो, शौल डोळे झाकून घेतो. थेट तुझ्या रेखाटनासारखं.

आज चॅपेलमध्ये आहे ते दुसरं, कॅनव्हासवरचं. त्यातून त्यानं ख्रिस्त काढला, देवदूत काढला, आकाशही काढलं. उरला पाठीवर पडलेला शौल, त्याचा घोडा आणि लगाम धरून उभा असलेला म्हातारा मोतद्दार. घोड्यानं पुढचा पाय उचलून धरलाय, धन्यावर पडू नये म्हणून. शौलाचे डोळे मिटलेले, दोन्ही हात उघडे. मोतद्दाराला यातलं काही कळलेलं नाही; तो जनावर सांभाळतोय. बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' उघडून बघ: सोबतच्यांना वाणी ऐकू आली, दिसलं मात्र कोणीच नाही. (घोड्याचा तर तिथे उल्लेखही नाही, तो चित्रकारांनी आणला.) हाक शौलाला होती, म्हणून चित्रातही ती त्याच्या एकट्यापर्यंत पोचते. इतकं नाट्य मी सतराव्या शतकातल्या नाट्यमय बरोक शैलीच्या दुसऱ्या कुठल्या चित्रात क्वचितच पाहिलंय, आणि इथे कोणी तोंडही उघडत नाही.

समोरच्या भिंतीवर पेत्राला उलटं क्रुसावर चढवतायत. तिथे मजूर बघ. एक दोर ओढतो, दुसऱ्यानं लाकडाला मिठी मारलीय, तिसरा खाली वाकून पाठीनं क्रूस उचलतोय. त्याचा चेहरा दिसत नाही, मळलेला तळवा दिसतो. त्या पाठीवरून क्रुसाचं वजन आपल्याला कळतं. क्रौर्य दाखवायला त्यानं कोणाचे दात विचकलेले नाहीत.

म्हणून शिपाई काढून टाक. एक ठेव, आणि त्याला काहीतरी काम दे. शौलासाठी कोणाला तरी खरंच जमिनीवर झोपव, एकाच बाजूनं दिवा लाव आणि खांदे कुठे टेकतात, मान कुठे ताणते ते काढ. काराव्हाज्जोची कागदावरची रेखाटनं सापडलेली नाहीत. तो माणसं समोर बसवून थेट कॅनव्हासवर काम करत असे. तू मात्र आधी रेखाटनं कर, भरपूर कर.

आणखी एक. चेरासी चॅपेल अरुंद आहे, दोन्ही चित्रं बाजूच्या भिंतींवर आहेत. लोक ती तिरकसच बघतात, आणि त्यानं रचना करताना ते धरलेलं दिसतं. तुझं चित्र वसईच्या त्या चर्चमध्ये नेमकं कुठे लागणार, उजेड कुठल्या खिडकीतून येतो, भाविक कुठून बघणार, हे रविवारच्या मिस्सानंतर जाऊन बघून ये. मोजमाप कळव, मग पुढच्या रेखाटनाचं बोलू.