धरणात आरक्षण, जॅकवेलला खडखडाट
वाचकांचे प्रश्न : शहराचे पाणी

प्रश्न : उजनी धरणाच्या खाली भीमेकाठी आमचे ६० हजार वस्तीचे शहर आहे. धरणातले राखीव पाणी नदीतून सोडतात आणि आमच्या कोल्हापूर पद्धतीच्या (दारे काढता-घालता येणाऱ्या) बंधाऱ्यात अडवतात. फुगवटा, म्हणजे मागे साठलेले पाणी, ४ किलोमीटर, रुंदी सरासरी १०० मीटर, खोली सरासरी २ मीटर. आम्ही जॅकवेलमधून (नदीकाठच्या उपसा विहिरीतून) रोज ९५ लाख लिटर उचलतो. हिशेबाने पाणी ८४ दिवस पुरायला हवे, उन्हाळ्यात ते सहा आठवड्यांत संपते. चोरी होते का?
(एक नगरसेविका, सोलापूर जिल्हा)

उत्तर : लांबी, रुंदी, खोली गुणून येणारा तुमचा ८० कोटी लिटरचा हिशेब बरोबर आहे, पण तो नदीला टाकी समजून केलेला आहे. बंधाऱ्यात पाण्याचा उघडा पसारा ४० हेक्टर आहे. एप्रिल-मे महिन्यांत उघड्या पाण्यावरून दिवसाला ७ मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर रोज २८ लाख लिटर उडून जातात. दारांच्या फटींतून एक क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) गळती असेल तर आणखी साडेचोवीस लाख. काठावर १० अश्वशक्तीचे दहा पंप आठ तास चालले, प्रत्येकाने सेकंदाला १५ लिटर उचलले, की ४३ लाख. तुमचे ९५ लाख मिळवून रोजचा खर्च १९१ लाखांवर जातो आणि साठा ४२ दिवसांत संपतो. म्हणजे तुमचे सहा आठवडे. शेतीपंपांचा वाटा त्यात पाव हिश्शाहूनही कमी आहे, आणि त्यातल्या अनेकांकडे उपशाची रीतसर परवानगी असते. सरसकट चोर म्हणू नये.

हे आमचे अंदाजाचे आकडे. तुमचे आकडे तुम्हीच काढा. बंधाऱ्याच्या भिंतीवर मोजपट्टी लावा, रोज सकाळी आठला पातळी नोंदवा. भरलेल्या बंधाऱ्यात एक सेंटिमीटर उतार म्हणजे ४० लाख लिटर. पाणी खाली जाते तसा पसारा आक्रसतो, म्हणून दर अर्ध्या मीटरला क्षेत्रफळ नव्याने मोजावे. उतारातून जॅकवेलचा उपसा आणि बाष्पीभवन वजा केले की गळती आणि शेतीउपसा मिळून उरतात. गळती वेगळी काढायला बंधाऱ्याच्या खाली झिरपलेले पाणी एका चरात गोळा करून त्यावर ९० अंशांच्या व्ही-खाचेची लोखंडी पट्टी बसवा. खाचेच्या टोकापासून पाणी २१ सेंटिमीटर चढले, तर सेकंदाला सुमारे २८ लिटर, म्हणजे एक क्युसेक जाते आहे. ही उंची पट्टीपाशी मोजू नका. तिथे पाणी वाकलेले असते. मीटरभर मागे मोजा.

गळती बहुतेक दारांच्या रबरी पट्ट्यांतून आणि दारे बसतात त्या खाचेत अडकलेल्या दगड-काड्यांमुळे असते. पावसाळ्यानंतर दारे बसवण्याआधी खाचा साफ करणे आणि फाटकी रबरे बदलणे हे काम स्वस्त आहे. नंतर पाण्यात उतरून करायचे म्हणजे दुप्पट त्रास. पाणी अडवल्यावर फट सापडली तर प्लॅस्टिकचा कागद आणि मातीच्या गोण्या फुगवट्याच्या बाजूनेच लावा. पाण्याचा दाब त्यांना फटीत बसवतो. खालच्या अंगाने लावलेली गोणी तोच दाब वाहून नेतो.

आणि पाणी तुमच्यापर्यंत पोहोचण्यातही मोठी घट आहे. कोरडे वाळूचे पात्र आधी स्वतः पिते, मग वाटेतला प्रत्येक बंधारा आणि वाळूउपशाचा प्रत्येक खड्डा भरतो, तेव्हा कुठे पाणी पुढे सरकते. ही पहिली भूक विसर्ग लहान असो की मोठा, भागवावीच लागते. त्यामुळे थोडे-थोडे पाणी बरेच दिवस सोडणे सर्वांत तोट्याचे. मोठा विसर्ग, कमी दिवस, आणि पात्र ओले असतानाच पुढचे आवर्तन (पाणी सोडण्याची पुढची पाळी), अशी मागणी करा. वरच्या बंधाऱ्यांची दारे त्या काळात उघडी राहतील हे लेखी ठरवून घ्या. काठच्या शेतीपंपांची वीज तोडण्याचा आदेश निघतो, तेव्हा त्याच वाहिनीवरच्या गावांच्या पाणीयोजनाही बंद पडतात. म्हणून त्या योजनांची यादी आधी द्या, आणि आवर्तनाच्या तारखा काठच्या गावांना आधी कळवा. कळलेल्या तारखेला शेतकरी सहकार्य करतात. अचानक तुटलेल्या विजेला करत नाहीत.

प्रश्न : जलसंपदा विभाग दलघमी (दशलक्ष घनमीटर) किंवा टीएमसीत (अब्ज घनफूट) बोलतो, आम्ही एमएलडीत. मागणी कशी काढायची?
(नगरपरिषद कर्मचारी)

उत्तर : १ एमएलडी म्हणजे दिवसाला १० लाख लिटर, म्हणजेच १,००० घनमीटर. भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी १३५ लिटर धरतात. गटार नसेल तर ७०. साठ हजारांना १३५ प्रमाणे ८१ लाख. वाटेत १५ टक्के जाणार म्हणून ८१ ला ०.८५ ने भागा (पंधरा टक्के नुसते मिळवले तर कमी पडते) : ९५.३ लाख लिटर. वर्षाला ३.४८ दलघमी, म्हणजे ०.१२३ टीएमसी. हा आकडा जॅकवेलपाशी लागणारा आहे. नदीतून पाणी येणार असेल तर वाटेतली घट वेगळ्या ओळीत दाखवा, नाहीतर ती तुमच्याच वाट्यातून कापली जाते. १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर वर्षाचे वाटप ठरते, म्हणून पत्र सप्टेंबरातच गेले पाहिजे, सोबत मीटरच्या नोंदी जोडून. पंढरपुरासारख्या गावाने चैत्री वारीची जादा गरज वेगळी मागावी. ती ऐन उन्हाळ्यात येते. पिण्याचे पाणी राज्याच्या जलनीतीत पहिल्या प्राधान्याचे आहे, पण आकडा न मागणाऱ्याला त्या प्राधान्याचा उपयोग होत नाही.

प्रश्न : चार दिवसांआड पाणी दिल्याने बचत होते का?

उत्तर : वाटते तेवढी नाही. लोक भांडी भरतात, पुढच्या वेळी शिळे पाणी ओततात. रिकाम्या नळात गटाराचे पाणी शिरते, ते वेगळेच संकट. आधी टाकी तपासा. १६ मीटर व्यासाच्या जलकुंभात पातळी एक सेंटिमीटर उतरली म्हणजे सुमारे २,००० लिटर गेले. रात्री आवक-जावक दोन्ही व्हॉल्व बंद करून दोन तास पाहा. उतार दिसला तर टाकी तरी फुटकी आहे, नाहीतर व्हॉल्व पुरता बसत नाही.

प्रश्न : जॅकवेलजवळ कोणी नवी विहीर खोदली तर?

उत्तर : सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदण्यावर महाराष्ट्रात १९९३ च्या भूजल कायद्याने बंधन घातले. पुढे २००९ चा भूजल अधिनियम आला. सार्वजनिक स्रोतांना संरक्षण त्यातही आहे. तक्रार तहसीलदारांकडे लेखी द्या. सोबत जॅकवेलपासूनचे मोजलेले अंतर, नकाशा आणि विहिरीचा उपसा सुरू असताना व बंद असतानाच्या जॅकवेलमधल्या पातळीच्या नोंदी जोडा.