गेम खेळून मुलगा मारकुटा होतो का?

प्रश्न: फोंड्याला राहतो. चौदा वर्षांचा मुलगा मोबाईलवर बीजीएमआय खेळतो, म्हणजे पबजी या गोळीबाराच्या गेमचा भारतीय अवतार. हरला की ओरडतो, परवा मोबाईल भिंतीवर आपटला. शेजारी म्हणतात, हीच मुलं पुढे मारामाऱ्या करतात, शास्त्राने सिद्ध झालंय. गेम कायमचा बंद करावा का?

उत्तर: ‘शास्त्राने सिद्ध झालंय’ हे ऐकलं की माझं डोकं फिरतं, म्हणून लिहितोय. शेजाऱ्यांना एवढंच विचारा: त्या प्रयोगांत कोणी कोणाला मारलं होतं? कोणीच नाही.

प्रयोगशाळेत बऱ्याचदा आक्रमकता मोजतात ती कर्कश आवाजाने. थोडा वेळ गेम खेळवायचा. मग सांगायचं, दुसऱ्या खोलीत प्रतिस्पर्धी बसलाय. खूण दिसताच जो उशिरा बटण दाबेल त्याच्या कानात आवाज सुटेल. तो किती मोठा आणि किती वेळ, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. दुसऱ्या खोलीत कुत्रंही नसतं, आणि कुठली फेरी कोण हरणार हे संगणकात आधीच भरलेलं असतं. अशा पंचवीसेक फेऱ्या. आता आकडा कुठला धरायचा? पहिल्या फेरीचा? सगळ्यांची सरासरी? फक्त हरल्यानंतरच्या फेऱ्या? आवाजाची पट्टी, कालावधी, की दोन्हींचा गुणाकार? माल्टे एल्सन या मानसशास्त्रज्ञाने छापून आलेले निबंध चाळले, तेव्हा या एकाच चाचणीतून आकडा काढायच्या शंभराहून जास्त तऱ्हा सापडल्या. दर दुकानाची पायली वेगळी असली तर तांदूळ भरला किती, हे कोण सांगणार?

दुसरी खोट तुलनेत. अँडरसन आणि डिल या मानसशास्त्रज्ञांचा २००० सालचा गाजलेला प्रयोग बघा. एका गटाला वुल्फेनस्टाइन थ्रीडी दिला, म्हणजे धावत गोळीबार. दुसऱ्याला मिस्ट, म्हणजे ओसाड बेटावर सावकाश कोडी सोडवत फिरणं. मग जो फरक आला तो रक्ताचा, वेगाचा, की हरण्याच्या धास्तीचा? २०१४ मध्ये प्रिझिबिल्स्की या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी हा गुंता सोडवायला टेट्रिस, म्हणजे वरून पडणारे तुकडे बसवायचा गेम घेतला आणि मुद्दाम न बसणारे तुकडे पाठवत राहिले. माणसं चिडली. टेट्रिसमध्ये रक्ताचा थेंब नाही. याच प्रिझिबिल्स्कींनी २०१९ मध्ये ब्रिटनमधली हजारेक मुलं तपासली, चौदा-पंधरा वर्षांची, म्हणजे तुमच्या मुलाच्याच वयाची. गेम किती हिंसक हे अधिकृत वर्गवारीवरून धरलं आणि मुलाची वागणूक पालकांना विचारली. संबंध दिसला नाही.

तेव्हा तुमचा मुलगा आपटतो ते अडल्यामुळे. आणि अडतो कुठे हे शोधता येतं. खेळताना स्क्रीनच्या कोपऱ्यात पिंगचा आकडा असतो, म्हणजे फोनचा संदेश गेमच्या सर्व्हरला जाऊन परत यायला लागणारा वेळ. साठ मिलिसेकंदांच्या आत असेल तर ठीक, दीडशेच्या वर गेला की त्याने आधी गोळी झाडूनही मरतो तोच. राउटर वसरीत, मुलगा आतल्या खोलीत आणि मधे दोन चिऱ्याच्या भिंती, असं असेल तर वाय-फायचा पाच गिगाहर्ट्‌झचा सिग्नल तिथे पोचत नाही. खोलीपर्यंत लॅन केबल ओढा, तिथे वाय-फाय पसरवणारा दुसरा ॲक्सेस पॉइंट लावा. तेवढ्याने नाही जमलं तर निदान २.४ च्या सिग्नलवर जोडा, तो भिंतींतून जास्त पोचतो. चार्जिंगला लावून खेळला की फोन तापतो आणि मग अडखळतो. गेमच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्स ‘स्मूद’वर, म्हणजे हलक्या चित्रांवर ठेवायला सांगा. सामना अर्ध्या तासाचा असू शकतो, मधेच सोडला तर गुण जातात आणि जोडीदार शिव्या घालतात. म्हणून ‘आत्ताच्या आत्ता ठेव’ म्हणू नका, ‘हा संपला की ठेव’ म्हणा आणि पुढचा सुरू होऊ देऊ नका. दोन आठवडे वहीत टिपा: किती वाजता चिडला, पिंग किती, आदल्या रात्री झोप किती, मधे हाक कोणी मारली. बहुतेक वेळा शेवटचे दोन रकानेच बोलतात.

फेब्रुवारी २०१९ मध्ये आपल्या गोव्याचे तेव्हाचे माहिती तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांनी पबजीला घराघरातला राक्षस म्हटलं होतं. गोव्यात राक्षस म्हटल्यावर दुसरं काय आठवणार! दर दिवाळीला याच वयाची पोरं खपून नरकासुर बांधतात, कर्णे लावून रात्रभर नाचतात, पहाटे त्याला जाळतात. वाड्यावाड्यांत बाचाबाची झालीच तर ती नरकासुरांच्या स्पर्धेत नंबर कोणाचा आला यावरून. नरकासुराचे सुळे बघून कोणी पिसाळलेला मला माहीत नाही.

कायमच्या बंदीचं म्हणाल तर सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राने पबजीवर बंदी घातली, पोरं फ्री फायर या तसल्याच दुसऱ्या गेमवर गेली. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला, २०२२ मध्ये काढला, २०२३ मध्ये परतला. त्यात रक्त हिरवं आहे. पोरं तेवढीच ओरडतात.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर शेजारी मला धरतील. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०२० मध्ये म्हटलं की ओरडणं, ढकलणं यांच्याशी हिंसक गेमचा लहानसा संबंध दिसतो, पण खऱ्या हिंसेशी जोडायला पुरावा पुरत नाही. ‘लहानसा’ म्हणजे शून्य नव्हे. अनोळखी माणसांशी चालणारं व्हॉइस चॅट मला गोळीबारापेक्षा वाईट वाटतं, ते आधी बंद करा. रात्री दहानंतर फोन तुमच्या खोलीत चार्ज होऊ दे. आणि तो माणसांवर हात टाकत असेल, शाळा-जेवण सुटलं असेल, तर पिंग बघत बसू नका. बांबोळीच्या मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक फुकट आहे.

आपटलेल्या फोनची काच फुटली असेल, तर तिचे पैसे त्याच्या चतुर्थीच्या कपड्यांतून कापा.