शेजाऱ्यांनी ब्रॉडबँड घेतल्यापासून माझी लाइन तुटते, मॉडेमची पावर वाढवून मिळते का?

तुम्ही लिहिलंय की बिल्डिंगमधे अजून तीन घरांनी तांब्याच्या वायरवर कनेक्शन घेतलं आणि तेव्हापासून तुमचं नेट संध्याकाळी सारखं तुटतंय. पावर वाढवायच्या मागे लागू नका, त्यानं सगळ्यांचंच नुकसान होतं.

मी सोलापुरात बरीच वर्षं केबल जॉइंटची कामं केलीत. टेलिफोन एक्स्चेंजपासून पिलरपर्यंत, म्हणजे रस्त्यावरच्या जोडणीच्या पेटीपर्यंत येणाऱ्या जाड केबलमधे शेकडो पेअर, म्हणजे दोन-दोन तारांच्या जोड्या, एकमेकींना चिकटून असतात. एकीतला सिग्नल दुसरीत उतरू नये म्हणूनच त्यांना पीळ दिलेला असतो, पण साध्या फोनला पुरणारा पीळ एडीएसएल 2 प्लस या फोनच्या वायरवरच्या ब्रॉडबँडला कमी पडतो, कारण ते 2.2 मेगाहर्ट्झपर्यंत जातं आणि फ्रिक्वेन्सी वाढली की ही गळतीपण वाढते. यालाच क्रॉसटॉक म्हणतात.

गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर एका स्टॉलवाल्यानं स्पीकर वाढवला की शेजारचापण वाढवतो आणि शेवटी कुणाचंच ऐकू येत नाही, तसंच हे. म्हणून व्हीडीएसएल 2 या त्याहून वेगवान प्रकारात अपलोडला नियम उलटा आहे, जो एक्स्चेंजच्या किंवा रस्त्यावरच्या कॅबिनेटच्या जवळ त्याच्या मॉडेमनं आवाज, म्हणजे सिग्नलची पावर, कमी ठेवायचा, नाहीतर लांबून थकून आलेला सिग्नल त्याच्याखाली दबून जातो. जवळच्याचं यात फारसं काही जात नाही आणि लांबच्याची लाइन टिकते, मला ही पद्धत मनापासून पटते. 2010 ला यावर व्हेक्टरिंग नावाच्या पद्धतीचं स्टँडर्ड आलं, त्यात एक्स्चेंजकडचं मशीन सगळ्या लाइनींचा हिशोब एकत्र ठेवून क्रॉसटॉक आधीच वजा करून सिग्नल पाठवतं, पण त्यासाठी केबलमधल्या जवळपास सगळ्या लाइनी एकाच मशीनवर लागतात.

आता तुमचं. मॉडेमच्या सेटिंगच्या पानावर एसएनआर मार्जिन बघा, म्हणजे गोंगाट अजून किती वाढला तरी लाइन टिकेल तो आकडा, दुपारी एकदा आणि रात्री नऊला एकदा, दोन्ही लिहून ठेवा. साधारण 6 डीबी राखून लाइन जुळवलेली असते, ते 2-3 वर उतरलं की तुटणारच. अंधार पडल्यावर लांबची मिडियम वेव्ह रेडिओ स्टेशनंपण याच पट्ट्यात घुसतात, म्हणजे सगळा दोष शेजाऱ्यांचा नाही.

अशोक चौकाकडे एका घरी हीच तक्रार होती. डीपी, म्हणजे घराजवळची फोनच्या वायरी जोडायची पेटी, उघडला तर तुमच्या-आमच्या बोटाएवढा पेअरचा पीळ सोडून ठेवलेला, टोकं हिरवी पडलेली. टोकं कापून पीळ पार स्क्रूपर्यंत नेला, घरातली चपटी वायर काढून पीळवाली टाकली, मार्जिन 4 वरनं 9 वर गेलं. शेजाऱ्यांची कनेक्शनं तशीच चालू होती.

तक्रार देताना नुसतं 'नेट स्लो आहे' म्हणू नका, दोन्ही वेळचं मार्जिन सांगा, डीपी तपासायला सांगा आणि पिलरवर दुसरी पेअर मोकळी असेल तर बदलून मागा. तरीही तुटत असेल तर प्रोफाइलमधे, म्हणजे कंपनीकडच्या तुमच्या लाइनच्या सेटिंगमधे, टार्गेट मार्जिन (लाइन जुळवताना राखायचं मार्जिन) 9 करायला सांगा, स्पीड थोडा उतरेल पण लाइन धरून राहील.