माणूस जागेवरच होता, काउंटी सरकली

प्रश्न : माझी मुलगी व्हर्जिनियात ब्लॅक्सबर्गला शिकायला गेली आणि तिथल्याच मुलाशी लग्न करून स्थायिक झाली. नातीला शाळेसाठी वंशवृक्ष करायचा आहे. आमच्याकडे कुळवृत्तांत असल्यामुळे आठ पिढ्या सहज मिळाल्या. जावयांकडे मात्र ‘1750 च्या सुमारास तीन भाऊ आले’ एवढंच सांगतात. इंटरनेटवर त्यांच्या मूळ पुरुषाचा जन्म ऑगस्टा काउंटीत, लग्न बॉटटॉटमध्ये आणि मृत्यू मॉन्टगोमेरीत दाखवलाय. 1790 च्या जनगणनेत तो सापडतच नाही. शोध कुठून सुरू करावा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, तुमच्या शोधण्यात काही चूक नाही. व्हर्जिनियाची 1790 च्या जनगणनेची कागदपत्रंच उरलेली नाहीत. त्यांच्या जागी 1782 ते 1785 मधल्या राज्याच्या गणनेच्या आणि कराच्या याद्या छापल्या गेल्या, त्या बघा. तसंही 1790 मध्ये नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं लिहीत, बाकीच्यांची नुसती संख्या.

आता तीन काउंट्यांचं कोडं. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्या-तालुक्यासारखा भाग. मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो, म्हणून हे चटकन दिसलं. 1770 साली ऑगस्टातून बॉटटॉट काढली, 1772 साली बॉटटॉटमधून फिनकॅसल, आणि 1776 संपता संपता फिनकॅसल मोडून मॉन्टगोमेरी, वॉशिंग्टन व केंटकी अशा तीन केल्या. म्हणजे 1769 साली ऑगस्टात राहणारा शेतकरी घरातली चूलसुद्धा न हलवता 1777 साली मॉन्टगोमेरीचा झाला! तुमचा माणूस बहुधा हललाच नसावा. आपल्याकडे तालुका फुटला की जुने कागद जुन्या कचेरीतच शोधावे लागतात, तसंच तिथे. ज्या सालचा कागद हवा, त्या साली ती जमीन ज्या काउंटीत होती तिथलं दप्तर बघायचं.

म्हणून माझं सांगणं एकच : नावामागे धावू नका, जमीन धरा.

माझ्या मुलीच्या सासरीही असाच गुंता होता. एकाच ओढ्याकाठी एकाच नावाचे दोन जॉन, एक सीनियर, एक ज्युनियर. घरात सगळ्यांनी त्यांना बापलेक ठरवून टाकलेलं. पण त्या काळी एकाच भागातल्या थोरल्या-धाकट्यालाही असंच म्हणत, मग ते काका-पुतणे असोत की नात्यातले नसोत. मी लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाच्या संकेतस्थळावरून त्यांच्या जमिनींच्या सनदा उतरवून घेतल्या. हद्दी अशा लिहिलेल्या : ओढ्याकाठच्या पांढऱ्या ओकपासून, उत्तर 40 अंश पूर्व (म्हणजे उत्तरेपासून पूर्वेकडे 40 अंश वळून), 86 पोल, दोन हिकरी झाडांपर्यंत. पोल म्हणजे साडेसोळा फूट. दोन पोल झाले 33 फूट, आणि तिथे मी थबकलोच. आपली मोजणीची जुनी साखळी 33 फुटांची, गुंठा 33 बाय 33 चा! त्यांच्या एकरात 160 चौरस पोल, आपल्या एकरात 40 गुंठे. नोकरीभर हाताळलेलं माप तिथे भेटलं.

मग जेवणाच्या टेबलावर आलेख कागद पसरला, कोनमापक घेतला आणि एकेक तुकडा काढून शेजारी शेजारी बसवला. धाकट्या जॉनचा तुकडा थोरल्या जॉनच्या जमिनीला कुठेच लागेना. तो चपखल बसला विल्यम नावाच्या तिसऱ्याच माणसाच्या हद्दीत. विल्यमचा दस्त काढला, तर त्यात पाच शिलिंग असा नावापुरता मोबदला आणि ‘माझा मुलगा जॉन’ असे स्वच्छ शब्द. पिढ्यान्‌पिढ्या चुकीच्या बापाच्या नावाखाली लावलेला मुलगा आपल्या घरी आला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

बायकांची नावं हवी असतील तर विक्रीचे दस्त शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. नवऱ्याने जमीन विकली की बायकोचा हक्क सोडवून घ्यावा लागे, आणि त्यासाठी तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन संमती विचारत. कितीतरी जणींचं नाव तेवढंच उरलंय. करयादीत गोरा मुलगा सोळाव्या वर्षी मोजला जाऊ लागे, त्यावरून जन्मसाल काढता येतं. ‘अनाथ’ शब्द आला तर आईही गेली असं समजू नका. बाप वारला की मूल कागदोपत्री अनाथच. घरातलं कुणी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलं असेल तर 1832 च्या कायद्यानंतरचे पेन्शनचे अर्ज जरूर बघा. म्हाताऱ्या सैनिकांनी जन्म कुठला, कुठे कुठे राहिलो, हे शपथेवर सांगितलंय. विधवांनी तर पुरावा म्हणून घरच्या बायबलची पानं फाडून जोडली आहेत.

तीन भावांची गोष्ट कितीतरी अमेरिकन घराण्यांत सांगतात. कागद मिळेपर्यंत ती तक्त्यात घालू नका. आणि नातीला हेही सांगा, की ती जमीन आधी मोकळी नव्हती. 1755 साली शॉनी या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांनी आजच्या ब्लॅक्सबर्गजवळच्या वस्तीवर हल्ला केला, तो याच जमिनीच्या झगड्यातून.

शेवटचं, मनापासून. मृत्यूनंतरच्या मालमत्तेच्या याद्यांत घोडे, नांगर, पातेली यांच्याच रांगेत कदाचित माणसं दिसतील. नुसती पहिली नावं, पुढे किंमत. ती ओलांडून पुढे जाऊ नका. काउंटी, साल आणि पान क्रमांकासह वहीत उतरवून घ्या. गुलामीतून सुटलेल्या बहुतेकांची नावं जनगणनेत येतात ती 1870 पासून. त्याआधीचं माणूस शोधणाऱ्या त्यांच्या वंशजांना असाच एखादा कागद लागतो, आणि तो पुष्कळदा मालकाच्या घराण्याकडे असतो. माझ्या वहीत अशी चार नावं निघाली. व्याह्यांना दाखवली, तेव्हा त्यांनी ती स्वतःच्या हाताने वंशवृक्षाशेजारी लिहिली.