पावडर भरपूर लावली, तिथेच चुकलं

प्रश्न : जास्वंदीच्या आठ फांद्या रूटिंग हार्मोनची पावडर भरपूर लावून रोवल्या. दोन आठवड्यांत सगळ्यांचे बुडखे काळे पडले. पावडर जुनी असेल का? (मुलुंड)

उत्तर : जुनी पावडर फार तर निकामी ठरते, फांदी काळी करत नाही. चूक ‘भरपूर’मध्ये आहे. या पावडरीत बहुधा आयबीए असतं, म्हणजे ऑक्झिन गटातलं संप्रेरक. शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन खाली वाहतं, फांदी कापली की कापल्या जागी साचतं आणि तिथून मुळं फुटतात. पावडर त्यात थोडी भर घालते, एवढंच. मात्रा वाढली की तिथल्या पेशी मरतात आणि वरचे डोळेही दबून राहतात. उसात रुंद पानांच्या तणावर मारतात ते टू-फोर-डी म्हणजे कृत्रिम ऑक्झिनच, यावरून काय ते समजा.

फांदी पेन्सिलीएवढी जाड घ्या, अगदी हिरवी नको आणि जून लाकडासारखीही नको. लांबी १५ सेंटिमीटर. खालचा काप पेराच्या लगेच खाली द्या. वरची दोन पानं अर्धी कापून ठेवा, बाकीची काढा. कळ्या तर काढाच. चिमूटभर पावडर वेगळ्या झाकणात घ्या (डबीत ओली फांदी बुडवली की उरलेली पावडर वाया), खालचा सेंटिमीटरभर भाग ओला करून टेकवा आणि टिचकी मारून जास्तीची झाडा. कुंडीत आधी काडीने भोक पाडा, नाहीतर रोवताना पावडर पुसली जाते. कोकोपीट आणि जाड रेती निम्मी-निम्मी चालेल. पावसाळ्याची हवा दमट, म्हणून कलमांना उत्तम. पण कुंडी सज्जाखाली हवी. मुंबईची संततधार थेट पडली तर माती चिंब राहते, हवा मिळत नाही आणि बुडखा कुजतो. तुमच्या फांद्यांना याचाही हातभार लागला असू शकतो.

नवं पान दिसलं म्हणून उपटून बघू नका. पान फांदीतल्या साठ्यावरही फुटतं. मुळांना तीन ते पाच आठवडे द्या. आणि हो, फांदी उलटी रोवली गेली नाही ना, तेही पाहा. ऑक्झिनची वाहण्याची दिशा ठरलेली असते, ती आपल्या सोयीने बदलत नाही.

प्रश्न : चाळीच्या गॅलरीतला मोगरा कठड्याबाहेर वाकतो, नुसता लांबतो. खत वाढवू का? (गिरगाव)

उत्तर : नको, युरियासारख्या नत्राने आणखी लांबेल. उजेड एकाच बाजूने येतो, ऑक्झिन सावलीच्या बाजूला सरकतं, तिथल्या पेशी जास्त लांबतात आणि फांदी उजेडाकडे झुकते. कुंडी दर तीन-चार दिवसांनी पाव फेरा फिरवा. लाकूड झालेला बाक आता सरळ होणार नाही. शेंडे पेराच्या वर खुडा; वरून येणारं ऑक्झिन थांबलं की बाजूचे दबलेले डोळे फुटतात. मोगऱ्याला कळ्या नव्या फुटीवरच धरतात, त्यामुळे खुडायला जीव कचरू देऊ नका.

प्रश्न : हिरव्या हापूसची पेटी फ्रिजमध्ये ठेवली, आंबे सुरकुतले पण पिकले नाहीत. शेजारी कार्बाइड घाला म्हणतात. (बोरिवली)

उत्तर : अजिबात घालू नका. फळं पिकवायला कार्बाइड वापरण्यावर भारतात बंदी आहे. त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात. आंबा पिकतो तो स्वतःच्या इथिलीन वायूवर. फ्रिजच्या थंडीत कच्च्या फळातली ही क्रियाच बिघडते, मग बाहेर काढूनही नीट पिकेल याची खात्री नाही. म्हणून फ्रिज पिकल्यानंतरच.

पुढच्या पेटीची आढी घाला: गवतावर एक थर, वर पुन्हा गवत, शेजारी एक पिकलेलं केळं. प्लास्टिकची पिशवी टाळा, आत पाणी सुटतं. घेताना देठाजवळचे खांदे वर आलेत का ते बघा. खांदे न भरलेला कोवळा आंबा आढीतही सुरकुततो. रोज एकदा हात फिरवा आणि डागाळलेला आंबा लगेच बाहेर काढा. तोही इथिलीन सोडतो आणि बाकीच्यांना घाई करतो.